गिनी पिगची खाज, कोंडा आणि झडलेले केस: आजार एकच की वेगवेगळे?

अमळनेरकर:

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी दोन गिनी पिग आहेत आणि दोन्ही माद्या आहेत. काळी तीन वर्षांची असून पिलू असल्यापासून आमच्याकडेच वाढली. तांबडी लहान आहे. ती दिवाळीच्या सुमारास पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणली. दोघी एकाच पिंजऱ्यात राहतात.

तांबडी आल्यानंतर काही आठवड्यांतच खाजवू लागली. आता तिच्या पाठीवरची आणि मांड्यांच्या आतली कातडी जाड झाली आहे, तिच्यावर पिवळसर खपल्या आहेत आणि हात फिरवला की कोंडा आणि केस एकदमच हातात येतात. काल तिला उचलताना ती अंग पिळवटून मागचे पाय ताणू लागली आणि एका कुशीवर पडून आकडी आल्यासारखी थरथरली. थोड्या वेळाने आपोआप सावरली, पण घरातले सगळे घाबरून गेलो. काळीचे मात्र वेगळेच आहे. तिच्या दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच आकारात गेले आहेत, खालची कातडी अगदी गुळगुळीत आहे आणि ती अजिबात खाजवत नाही. याशिवाय दोघींच्या कानांमागे थोडी थोडी जागा उघडी दिसते. त्यातच माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातावर, मनगटाच्या वर, लाल कडेचा एक गोल चट्टा उठला आहे.

सल्ले भरपूर मिळाले. दुकानदाराने कुत्र्याच्या पिसवांवरचा फवारा दिला आहे. म्हशी पाळणारे आमचे शेजारी म्हणतात की गोचिडासाठी आणलेल्या इंजेक्शनमधले उरलेले औषध भाकरीच्या तुकड्यावर टाकून खाऊ घाला. आईचा आग्रह करंजाच्या तेलाचा आहे. मुलीसाठी मेडिकलमधून एक मलम आणले आहे. यांपैकी काहीही अजून लावलेले किंवा दिलेले नाही. तालुक्याच्या दवाखान्यात गुरांचेच काम चालते, तेथे असा प्राणी घेऊन जावे का, हेही समजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गुरांचा_डॉक्टर (जळगाव जिल्हा):

नमस्कार. काहीही न लावता आधी विचारलेत हे फार बरे झाले, कारण तुमच्या घरात बहुधा एक नव्हे तर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि एका बाटलीने त्या तिन्ही बऱ्या होणार नाहीत. प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही. पण तुमच्या वर्णनावरून कोणता संशय धरून दवाखान्यात जावे, एवढे सांगता येईल.

तांबडीची लक्षणे खरजेची वाटतात. गिनी पिगच्या खरजेचा किडा ट्रिक्सॅकॅरस कॅव्ही या नावाने ओळखला जातो आणि त्याची शास्त्रीय नोंद 1972 मधली आहे, म्हणजे तसा तो अलीकडचाच. तो केसांवर न राहता कातडीत बोगदे करून राहतो, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही आणि वरून तेल चोळून मरतही नाही. याची खाज इतकी भयंकर असते की उचलल्यावर किंवा खाजवता खाजवता प्राण्याला आकडीसारखे झटके येतात. तुम्ही काल पाहिले ते बहुधा हेच. मेंदूचा आजार समजून घाबरू नका, पण दवाखाना पुढेही ढकलू नका, कारण अशा अवस्थेत खाणे सुटते आणि गिनी पिगला उपास मुळीच सोसत नाही. तोपर्यंत तिला विनाकारण उचलू नका, आणि उचलावेच लागले तर मऊ फडक्यात गुंडाळून उचला.

खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. बोथट ब्लेडने खपलीच्या कडेची कातडी किंचित रक्ताळेपर्यंत खरवडायची, ते खरवड काचपट्टीवर लिक्विड पॅराफिनच्या थेंबात घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. कमी शक्तीच्या भिंगातही गोल अंगाचा, आखूड पायांचा किडा हललेला दिसतो. तालुक्याच्या दवाखान्यात गुरांचे शेण तपासण्यासाठी जो सूक्ष्मदर्शक असतो तोच येथेही चालतो. म्हणून संकोच न करता जा आणि “कातडीचे खरवड तपासायचे आहे” असेच स्पष्ट सांगा. गिनी पिग पाहण्याची सवय नसलेल्या डॉक्टरलाही खरजेचे खरवड पाहण्याची सवय असतेच, कारण शेळ्या, म्हशी आणि कुत्री यांची खरूज आम्ही बारा महिने पाहतो. एका खरवडात किडा सापडला नाही म्हणून खरूज नाही असे मात्र ठरत नाही. लक्षणे इतकी बोलकी असतील तर उपचार सुरू करून प्रतिसाद पाहतात.

आता शेजाऱ्यांच्या इंजेक्शनविषयी. औषध बहुधा आयव्हरमेक्टिनच असणार आणि खरजेवर आम्हीही तेच वापरतो, म्हणूनच हा सल्ला अधिक धोक्याचा आहे. गुरांसाठीच्या एक टक्का इंजेक्शनमध्ये 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते आणि ते 50 किलो वजनाला 1 मिलिलिटर या हिशेबाने टोचतात. तुमची तांबडी 800 ग्रॅमची आहे असे धरा. गिनी पिगसाठी दर किलोला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम हे प्रमाण आहे. वरचे प्रमाण घेतले तरी तिला 0.32 मिलिग्रॅम, म्हणजे 0.032 मिलिलिटर औषध लागते. मधुमेहाचे रुग्ण वापरतात त्या 40 युनिटच्या सिरिंजवर ही जागा जेमतेम सव्वा रेघ भरते. भाकरीवर टाकलेल्या चार थेंबांत याच्या कितीतरी पट औषध जाईल. त्यात बाजारात याच औषधाची 3 टक्क्यांहून तीव्र, जास्त दिवस टिकणारी इंजेक्शनेही मिळतात आणि उरलेल्या बाटलीवरचे लेबल बहुतेक वेळा पुसलेले असते. डॉक्टर प्राण्याचे वजन काट्यावर घेऊन, औषध पातळ करून, कातडीखाली टोचतील किंवा मोजून तोंडाने देतील. या औषधाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून साधारण 7 ते 14 दिवसांच्या अंतराने ते पुन्हा द्यावे लागते आणि तीन मात्रा पूर्ण कराव्या लागतात. पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली की माणसे परत फिरकत नाहीत आणि महिन्याभराने तोच प्राणी पुन्हा टेबलावर येतो. काळीला खाज नसली तरी ती त्याच पिंजऱ्यात असल्याने तिलाही सोबतच औषध द्यावे लागेल.

काळीविषयी माझा संशय अंडाशयावर आहे. दीड-दोन वर्षांच्या पुढच्या मादी गिनी पिगमध्ये अंडाशयात पाण्याच्या गाठी होणे फार सर्रास आढळते. त्यातल्या काही गाठींतून संप्रेरके पाझरतात आणि दोन्ही कुशींवरचे केस आरशात पाहावे तसे सारखे गळतात. खाज नसते, खपली नसते. पोट हळूच चाचपल्यास कधी गाठ हाताला लागते. खात्रीसाठी सोनोग्राफी करावी लागते. अशा मादीला खरजेची किंवा बुरशीची कितीही औषधे दिली तरी एक केस उगवणार नाही. तशीच दुसरी एक शक्यता असते: सोबतची मादी केस कुरतडत असेल तर तिथले केस तुटलेले, आखूड दिसतात. तुम्ही म्हणता तशी कातडी गुळगुळीत असेल तर ती शक्यता मागे पडते.

कानांमागची उघडी जागा हा आजार नाही. प्रत्येक गिनी पिगला तेथे जन्मजात केस नसतात. शेपटी जेथे असायला हवी तेथेही एक तेलकट ग्रंथी असते आणि त्या जागचे चिकट केस पाहून लोक औषध मागायला येतात. साबणाच्या कोमट पाण्याने तेवढीच जागा पुसून कोरडी केली की पुरे.

एक सूचना माझ्याच व्यवसायबंधूंसाठी करतो. खाजवून जखमा झाल्या आहेत म्हणून गुरांच्या सवयीने अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडाने लिहून देऊ नये. पेनिसिलिन गटातली औषधे, तसेच लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन, गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, त्या जागी घातक क्लॉस्ट्रिडियम वाढतात आणि प्राणी काही दिवसांत जुलाबाने दगावतो.

केळीपट्टा (रावेर):

मी गिनी पिग पाळत नाही, माझ्याकडे ससे आहेत. पण त्या फवाऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाटलीवर फिप्रोनिल हे नाव आहे का ते पाहा. कुत्र्यांना ते चालते, सशाला ते विष आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी सशावर ते मारल्यावर ससा खायचा थांबला, मग त्याला झटके येऊ लागले आणि तो गेला. विकणाऱ्याने “सगळ्या प्राण्यांना चालते” असे ठामपणे सांगितले होते. गिनी पिगवरही ते वापरू नये असेच मला आमच्या डॉक्टरांनी सांगितले आहे.

सशाची खरूज वेगळी असते. ती बहुतेक वेळा कानात होते आणि कानाच्या पोकळीत तपकिरी खपल्यांचे थरावर थर साचतात. हा सोरोप्टिस नावाचा किडा. त्या खपल्या चिमट्याने ओढून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण खाली कातडी सोललेली असते आणि सशाला असह्य वेदना होतात. औषधाची मात्रा लागू पडली की खपल्या स्वतःहून गळतात. मानेवर आणि पाठीवर पांढरा कोंडा असेल आणि तो काळ्या कागदावर झटकल्यावर त्यातले कण चालताना दिसले, तर तो कोंडा नसून चेलेटिएला नावाचे किडे असतात. घरी दोन्ही प्रकारचे प्राणी असणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

अमळनेरकर:

डॉक्टरसाहेब आणि भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. फवारा परत केला. बाटलीवर फिप्रोनिल हेच नाव होते. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. खरवडात किडे दिसले आणि दोघींनाही वजन करून पहिली मात्रा दिली आहे.

काही शंका उरल्या आहेत. दोघींना दुकानातल्या गोळ्या म्हणजे तयार खाद्य आणि रोज लसूणघास देतो. तेथील डॉक्टरांनी क जीवनसत्त्वाचा उल्लेख केला. त्याचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकले तर चालतील का? पिंजरा लाकडी आहे आणि आत वखारीतला भुसा अंथरतो. तो बदलावा का? उन्हाळ्यात आम्ही त्यांना कूलरसमोर ठेवतो, त्याचा कातडीवर काही परिणाम होतो का? आणि मुलीच्या चट्ट्याचे काय करावे?

धुळे_त्वचारोग:

मुलीविषयी मी लिहितो. गिनी पिगच्या खरजेचा किडा माणसाला चावतो खरा, पण तो माणसाच्या अंगावर पिढी वाढवू शकत नाही. त्याचा त्रास झाला तर प्राणी जेथे टेकवून धरतो तेथे, म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला, पोटावर, छातीवर, बारीक लाल पुटकुळ्या येतात आणि प्राण्याचा उपचार झाला की त्या मावळतात. लाल, उचललेल्या कडेचा आणि मध्ये निवळलेला गोल चट्टा मात्र नायट्याकडे, म्हणजे बुरशीकडे बोट दाखवतो. गिनी पिगच्या अंगावर ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस गटातली बुरशी असू शकते. प्राण्यात ती बहुधा नाकावर, डोळ्यांभोवती आणि कानांवर कोंड्याचे गोल डाग करते. पण पुष्कळ प्राण्यांत बाहेरून काहीच दिसत नाही आणि तरीही मुलांना लागण होते. म्हणजे तांबडीला खरूज निघाली म्हणून तिला बुरशी नाही, असे समजू नये. दोन्ही एकत्र असू शकतात.

मेडिकलमधून आणलेल्या मलमावर घटक वाचा. त्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असेल तर ते लावू नका. ही स्टेरॉइडे आहेत. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते आणि खाली बुरशी निवांत पसरत राहते. पुढे चट्ट्याचा गोल आकारही मोडतो आणि तज्ज्ञालाही तो ओळखू येत नाही. 2018 मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन आले, तरी आपल्याकडे ती आजही “तीन औषधे एकात” म्हणून काउंटरवर सहज मिळतात. माझ्या बाह्यरुग्ण विभागातली निम्मी चिडचिड याच नळ्यांवर होते. मुलीला दाखवाल तेव्हा कोणतेही मलम लावलेले नसावे, कारण चट्ट्याच्या कडेची खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहण्याची साधी तपासणीही मलमानंतर फसते. आणि घरात गिनी पिग आहेत हे विचारण्याची वाट न पाहता सांगा.

एक गोष्ट मात्र गिनी पिगच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. आपल्या देशात गेली काही वर्षे नायट्याची जी चिवट साथ आहे तिच्यामागची बुरशी 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने वेगळी ओळखली गेली. तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीवरचे नेहमीचे औषध पुष्कळदा लागू पडत नाही आणि ती मुख्यतः माणसाकडून माणसाला, टॉवेल आणि कपड्यांतून जाते. घरात कोणाच्या जांघेत किंवा कमरेला आधीपासून नायटा असेल तर मुलीचा चट्टा तिथून आलेला असू शकतो. तेव्हा घरातल्या सर्वांचीच विचारपूस करा. अशा घरी प्राण्याला दोष देऊन बाहेर काढतात आणि नायटा घरातच राहतो.

गुरांचा_डॉक्टर (जळगाव जिल्हा):

बुरशीविषयीचा मुद्दा योग्य आहे. तांबडीच्या नाकाशी किंवा डोळ्यांभोवती डाग दिसले तर तेथील केस मुळासकट उपटून बुरशीच्या कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यासाठी, पाठवता येतात. त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. निळ्या-जांभळ्या दिव्याखाली चमकले नाही म्हणून बुरशी नाही, असे कोणी सांगितले तर मानू नका, कारण ही जात त्या दिव्याखाली चमकत नाही. मुलीच्या तपासणीत बुरशी निघाली तर दोन्ही गिनी पिगची तपासणी करून घ्या.

क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात टाकू नका. उजेडाने आणि धातूच्या नळीने ते लवकर नासते आणि कोणी किती पाणी प्यायले हेही कळत नाही. माणसाप्रमाणे गिनी पिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. सशाला आणि हॅमस्टरला करता येते, म्हणून त्यांचे खाद्य गिनी पिगला पुरत नाही. रोज दर किलो वजनामागे साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम लागते, आजारपणात 30 पर्यंत. तयार गोळ्यांत ते घातलेले असले तरी साठवणीत कमी होत जाते आणि आपल्याकडच्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटात किती उरत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. कमतरता झाली की केस राठ होतात, जखमा भरत नाहीत, मागच्या पायांचे सांधे सुजतात आणि उचलल्यावर प्राणी ओरडतो. खरजेतून कातडी सावरण्यासाठी हे जीवनसत्त्व भरून येणे आवश्यक आहे. औषधाच्या दुकानात जाण्याची गरज नाही: पेरूच्या 100 ग्रॅममध्ये ते 200 मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे बी काढलेली 10 ग्रॅमची एक पातळ फोड एका प्राण्याला दिवसभर पुरते. त्याहून जास्त पेरू देऊ नका, साखरेने पोट बिघडते. रोजच्यासाठी हिरव्या ढोबळी मिरचीचा तुकडा अधिक बरा. तिच्यात 100 ग्रॅमला 80 मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि साखर कमी.

लसूणघास वाढत्या पिलाला आणि गाभण मादीला ठीक, पण काळीसारख्या प्रौढ मादीला रोज नको. त्या घासातल्या चुन्याने मूतखडे होतात. त्याऐवजी मारवेलसारखे बारीक वाळलेले गवत सदा पुढे असू द्या. गवत बुरसट वासाचे किंवा गोठ्यातल्या अंथरणातले नसावे.

वखारीतला बारीक भुसा बंद करा. तो नाकाडोळ्यांत जातो, खाजवलेल्या जखमांना चिकटतो आणि ओला झाला की तसाच धरून राहतो. जुने सुती कापड किंवा जाडसर, धूळ नसलेला रंद्याचा छिलका चालेल, आणि तोही रोज बदलायचा. जाळीची जमीन असलेला पिंजरा घेऊ नका, तळपाय सोलून त्यात पू होतो. लाकडी पिंजरा खरजेपुरता धुऊन उन्हात ठेवला तरी पुरेल, कारण हा किडा अंगाबाहेर फार दिवस जगत नाही. बुरशी निघाली तर मात्र लाकडाचा मोह सोडावा लागेल. तिचे बीजाणू लाकडाच्या भेगांत महिनोन्‌महिने टिकतात. प्लास्टिकची भांडी आणि तळ मात्र एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी या मिश्रणात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवता येतात. ऊन ही एक गोष्ट आपल्याकडे उसनी आणावी लागत नाही.

कूलरची थेट हवा टाळा. तिने अंथरूण दमट राहते, पोटाखालची कातडी ओलसर होऊन सोलते आणि बुरशीलाही तेच हवे असते. पण थंडावा मात्र हवाच, कारण 30 अंशांच्या वर या प्राण्याला उष्माघात होऊ शकतो. जाड भिंतीची, खालच्या मजल्यावरची खोली पाहा, पिंजऱ्याशेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा आणि कूलर असलाच तर त्याचे तोंड दुसरीकडे फिरवा.

काळीची सोनोग्राफी खरजेच्या तिन्ही मात्रा संपल्यावर करा, घाई नाही. गाठी निघाल्या तर अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया हा कायमचा उपाय आहे. संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी काही महिने केस येतात आणि पुन्हा जातात. शस्त्रक्रिया लहान प्राण्यांना भूल देण्याचा अनुभव असलेल्या ठिकाणीच करावी. त्यासाठी नाशिक, पुणे किंवा मुंबईला, परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे, जाण्याची तयारी ठेवा. निघण्यापूर्वी फोनवर गिनी पिग पाहतात का हे विचारून घ्या. प्रवास पहाटेच्या गाडीने करा आणि खोक्यात गवत भरून ठेवा. कुत्र्यामांजरांप्रमाणे “आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा” असे कोणी सांगितले तर ते गिनी पिगला लागू नाही. त्याला उलटी होत नाही, आणि पोट रिकामे राहिले तर भुलीपेक्षा त्याचाच धोका मोठा असतो.